पाहुण्या माशाची बरणी

मित्रांनो, तुमच्या घरी मीठ पिशवीतून येते आणि त्याच पिशवीला रबर लावून ओट्यावर ठेवले जाते, हे मला ठाऊक आहे. मी त्याआधीच्या काळातली. जाड काचेची, पोटाशी फुगलेली, गळ्याशी आवळलेली, डोक्यावर पत्र्याचे झाकण मिरवणारी मी एक जुनी बरणी. माझ्या काठाचा एक टवका उडाला आहे आणि काचेत एका जागी हवेचा बुडबुडा अडकून राहिला आहे. भट्टीतून निघाले तेव्हापासून तो माझ्यात आहे. पाहणारे त्याला खोट म्हणतात, मी मात्र जन्मखूण म्हणते.

भट्टीतले मला फारसे आठवत नाही. नीट आठवते ते उल्हासनगरच्या कॅम्पातले गोळ्याबिस्किटांचे दुकान. तिथे माझ्या पोटात लिंबाच्या गोळ्या असत. पुढे माझे झाकण गंजले, दुकानदाराने नव्या बरण्या आणल्या आणि मी भंगारवाल्याच्या गाडीवर गेले. तिथून मला उचलले हरिचंद्राने. तो उरणकडच्या खाडीकाठी मिठागरात राबायचा. त्याने मला वाळूने घासले, झाकण नवे बसवले आणि आपल्या हाताने ओढलेले जाडे मीठ माझ्यात काठोकाठ भरले. त्याच्या मुलीचे, तुळशीचे, लग्न झाले होते. निघायच्या वेळी त्याने मला तिच्या मांडीवर ठेवले.

"पोरी, सासरच्या घरान आधी मीठ जावला पायजे," तो म्हणाला. "मग तुना तिथला कायबी अलनी लागनार नाय."

एवढे बोलून तो बाजूला झाला आणि उगीचच गाडीचे टायर तपासू लागला.

अशा रीतीने तुळशी आणि मी बदलापूर गावात आलो. दोन खोल्यांचे कौलारू घर, पुढे पडवी, मागे मोरी. घरात सासू सखूबाई, तुळशीचा नवरा जनू आणि त्याचा नुकताच शाळेत जाऊ लागलेला धाकटा भाऊ. माणसे चांगली होती हो. सखूबाईचा हात तर इतका सढळ, की तिच्या पंगतीला बसलेला माणूस पोट धरूनच उठायचा. पाहुणा उपाशी राहिला तर घराची अब्रू गेली, असे ती मानायची. नव्या सुनेच्या ताटात ती भाताची एक मूद वाढायची, तुळशी नको म्हणायच्या आत दुसरी वाढायची आणि वर म्हणायची, "जेव गं बाय, लाजतंस कं?"

तुळशीला घास गिळवत नव्हता. दिवसभर बायका येत. कोणी तिची हनुवटी वर करी, कोणी बांगड्या मोजी. "नाव घे, नाव घे" म्हणून सगळ्या मागे लागत. ती उखाणा घेई आणि त्या गेल्या की स्वयंपाकघरात येऊन माझे झाकण उघडी. मिठाचा एक खडा जिभेवर ठेवून डोळे मिटून उभी राही. काचेची असल्यामुळे मला सगळे दिसते, पण बोलता येत नाही. आम्हा भांड्यांचे हे असेच असते.

त्या घरात ती कोणाशीही आपणहून बोलली नव्हती. माहेरपणाला न्यायला तिचा भाऊ यायचा होता. त्याची वाट पाहत तिने पत्र्याची ट्रंक भरायला घेतली होती. चार दिवसांच्या माहेरपणाला कोणी सगळी लुगडी नेत नाही. तुळशीने सगळी भरली होती. आणलेल्या वस्तूंतली माझ्याखेरीज एकही तिने बाहेर ठेवली नव्हती. ती परत येणार नाही, हे मला कळले होते. आणखी कोणाला कळले होते की नाही, देव जाणे.

जनूला एवढे मात्र दिसत होते की बायको हसत नाही. तो अंबरनाथ एमआयडीसीत एका कारखान्यात लेथवर होता. मनाने निर्मळ, पण सदा घाईत. खाडीकाठची पोर आहे, मासा पाहिला की खुलेल, असा त्याने हिशेब केला. एके दिवशी तो उल्हासनगरहून हवा भरून फुगवलेली प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. तिच्यात ओंजळभर पाणी आणि एक मासा.

"मासाच आनायचा तं कोलनीकरून आनायचा," सखूबाई म्हणाली. "ह्याचा कालवन तरी कसा करू?"

"आये, हा खायाचा नाय. फायटर हाय. तुलशीसाठी आनलाय."

सखूबाईने पिशवी उजेडात धरली. "बरा मग. आला घरान, म्हंजे पाव्हनाच तो." तेव्हापासून त्याचे नाव पाव्हनाच पडले.

पाहुण्याला राहायला जागा हवी. घरातली बाकी सगळी भांडी स्टीलची नाहीतर पितळेची. सखूबाईची नजर फळीवर फिरत फिरत माझ्यावर थांबली. "ही हाय की काचेची!" तिने मला उचलले आणि माझ्यातले मीठ डालड्याच्या रिकाम्या डब्यात उपडे केले.

तुळशी चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. तिचा हात परातीतच थांबला. तिच्या बापाने ओढलेले मीठ खडखडत पत्र्यात पडले, ते तिने ऐकले. तिने मान आणखी खाली घातली. मला तेव्हा फार वाईट वाटले. तिचे इथे आपले असे एकच ठिकाण होते, आणि तेही मोकळे झाले.

जनूने मला नळाखाली धरले. थंडीचे दिवस. नळाच्या पाण्याला औषधाचा उग्र वास होता. त्याने मला गळ्यापर्यंत भरले, पिशवीची गाठ सोडली आणि मासा धाडकन माझ्यात ओतला.

तो पडला तो सरळ तळाशीच गेला. धुऊन धुऊन विटलेल्या फडक्यासारखा त्याचा रंग. पर ओल्या कागदासारखे अंगाला चिकटलेले. कल्ले इतक्या भराभर हलत होते, की माझ्या काचेला ते जाणवत होते. थरथरत वर जायचा, पाण्याबाहेर तोंड काढून हवेचा घोट घ्यायचा आणि पुन्हा खाली पडायचा. तो मद्रासहून थर्मोकोलच्या खोक्यात आला होता. काळोख, गचके, कोंडलेले पाणी, मग दुकान, मग जनूची सायकल. एवढे सगळे झाल्यावर हे औषधाचे गार पाणी.

मासे विकणाऱ्या दुकानदाराने जनूला सगळे समजावले होते. पण पुढची पाळी गाठायची म्हणून जनूने ते निम्मेच ऐकले. त्याच्या लक्षात एवढेच राहिले, की आरसा दाखवला की हा मासा फुगतो.

मग मला कुठे ठेवले असेल, सांगा बरे! टीव्हीवर. गल्लीतला तो पहिला टीव्ही होता आणि रविवारी सकाळी अर्धी गल्ली त्याच्यापुढे बसायची. टीव्हीच्या मागे भिंतीवर सखूबाईचा कुंकू लावायचा आरसा होता. माशाला त्यात दुसरा मासा दिसला. बिचाऱ्याने कुठून बळ आणले कोण जाणे, पण त्याने पर पसरले, कल्ले फुगवले आणि तो काचेवर चालून गेला. घर टाळ्यांनी दणाणले.

"बघ, कसा फुगतो! परत दाखव, परत दाखव!"

माझ्या आयुष्यात इतकी माणसे माझ्यापुढे कधी जमली नव्हती. पण आत काय चालले होते ते फक्त मला माहीत होते. आरशातला मासा हटत नव्हता, म्हणून यालाही हटता येत नव्हते. मागे तुळशी पाण्याचे पेले घेऊन उभी होती आणि एक बाई तिचा पदर ओढून म्हणत होती, "तू पन नाव घे गं, सगली जमलीत तं."

दुपारी सगळे पांगले, तेव्हा सखूबाईला पाहुण्याच्या जेवणाची आठवण झाली. तिने भाताची शिते टाकली. त्याने तोंड लावले नाही. "लाजतंय," ती म्हणाली आणि आणखी शिते टाकली. मग भाकरीचा चुरा टाकला. मग मायेने थोडे डाळीचे वरण. मित्रांनो, त्या बाईच्या मनात तसूभरही वाईट नव्हते. तिच्या घरी आजवर कोणी उपाशी झोपले नव्हते, एवढेच.

दुसऱ्या दिवशी मी आतून गढूळले. भात फुगून आंबला होता. मासा तळाशी एका कुशीवर कलंडला होता.

शेजारच्या रखमाबाई मीठ मागायला आल्या होत्या. त्यांनी वाकून पाहिले आणि तोंडावर पदर धरला. "सुनंच्या नावान आनला न लगेच आरवा परला? पायगुन बगाय पायजे हो, सखू."

पायगुण म्हणजे काय, ते तुम्हांला माहीत नसले तर बरेच आहे. नवी सून घरात आली की पुढे घरात जे बरेवाईट घडेल ते तिच्या पावलांमुळे घडले असे मानायचे, अशी ती रीत. गाय आटली, सुनेमुळे. छप्पर गळले, सुनेमुळे. आज मासा मेला असता तर गल्लीभर तुळशीचे नाव झाले असते, आणि ते नाव जन्मभर पुसले गेले नसते. सखूबाईने रखमाबाईंच्या वाटीत मीठ घातले. तिने रखमाबाईंना टोकले नाही, हे तुळशीला दाराआडून दिसले.

तुळशीने पदर खोचला. ती बाहेर आली, टीव्हीवरून मला दोन्ही हातांनी उचलले आणि कोणाकडे न पाहता आत घेऊन गेली. तिने मला चुलीच्या उबेजवळच्या कोनाड्यात ठेवले, भिंतीकडे तोंड करून. तांदळासाठी कालच्या दुपारपासून पातेल्यात भरून ठेवलेले पाणी होते, त्याचा वास तिने घेतला. त्याला औषधाचा वास उरला नव्हता. माझ्यातले घाण पाणी तिने वाटीवाटीने काढले आणि हे शिळे पाणी धारेने, अगदी हळू माझ्यात सोडले. लहानपणी मिठागराच्या बांधालगतच्या पाण्यातले मासे पकडून आणले, की ताज्या पाण्यात ते मरायचे आणि शिळ्या पाण्यात जगायचे, एवढे तिला माहीत होते. मग तिने ट्रंक उघडली. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा काढला आणि माझ्यावर पांघरला.

सखूबाई हातात भाताची वाटी घेऊन आली. "अगं, सकालपासून त्याच्या पोटान काय नाय."

तुळशी कोनाड्यासमोर उभी राहिली. त्या घरात ती आपणहून बोलली ते हे पहिले बोलणे.

"आई, त्याला जेवान नको. त्याला बगाला पन नको कोनी. लांबून आलाय तो. त्याला जरा येकटा र्‍हाऊ द्या. पानी बसू द्या."

शेवटचे शब्द बोलता बोलता ती रडू लागली. माशासाठी कोणी असे रडत नाही. सखूबाईने सुनेकडे पाहिले. मग तिची नजर उघड्या ट्रंकेकडे गेली. तळापासून वरपर्यंत भरलेली ट्रंक तिने पाहिली. हातातली वाटी तिने खाली ठेवली आणि ती बाहेर गेली.

मी लुगड्याखालच्या काळोखात होते. बाहेर पडवीत रखमाबाई आणखी दोघींना घेऊन मासा दाखवायला आल्याचे मी ऐकले. त्यानंतर सखूबाईचा आवाज आला, आणि तो पाहुण्यांशी बोलायचा आवाज नव्हता.

"आज कोनी आत जायाचा नाय. पाव्हना निजलाय."

"अगं, पन सून तरी..."

"सून पन निजली. न रखमा, पायगुन बगायचा तं माजा बग. भात मी घातला त्याला. ढीगभर."

मित्रांनो, मी काचेची आहे, मला पाझर फुटत नाही. पण त्या वेळी फुटला असता.

जनू घरी आला आणि हे सगळे ऐकून आल्या पावली उल्हासनगरला गेला. दुकानदाराने कपाळावर हात मारला. "साईं, बोला था ना! थैली पहले पानी पे रखने का, फिर छोडने का. दो दिन खाना नहीं, अंधेरा करने का. मैं खुद नया माल कोने में ढकके रखता हूँ. अब बदाम का सूखा पत्ता डालो. और मोटा नमक, बस चुटकी. भगवान ने चाहा तो उठेगा."

जनूच्या कारखान्याच्या फाटकाशी बदामाचे झाड होते. दुसऱ्या दिवशी त्याचा जेवणाचा डबा घासायला घेतला, तर आत सुकलेली तांबडी पाने ठासून भरलेली. "आता ह्यो काय पाला खाया लागला कं?" सखूबाई ओरडली. तुळशी हसली. ओठ दाबून, पण हसली. मी झाकलेली असले तरी तो आवाज मला ओळखू आला, कारण आजवर तो मी ऐकलाच नव्हता.

पान धुऊन तिने माझ्यात सोडले. हळूहळू पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे झाले. मग सखूबाईने स्वतः डालड्याचा डबा काढला आणि सुनेपुढे धरला. "तुज्या बापाचा मीठ हाय. तूच घाल."

तुळशीने चिमूटभर मीठ वाटीतल्या पाण्यात विरघळवले आणि ते माझ्यात ओतले. उरलेला एक खडा तिने जिभेवर ठेवला, या वेळी सासूच्या देखत.

त्या दिवशी जेवायला बसल्यावर सखूबाईचा भाताचा हात सुनेच्या ताटावर आला आणि थांबला. "किती वाढू, तूच सांग."

"अर्धी मूद," तुळशी म्हणाली. ती तिने पुरती संपवली. दोन घास मागूनही घेतले.

मासा लगेच उठला नाही. रोज थोडे पाणी काढायचे आणि बसलेले थोडे पाणी घालायचे, एवढेच चालले होते. कोणी कापड उचलून पाहत नव्हते. सखूबाई तर कोनाड्यासमोरून जाताना पाय न वाजवता जायची. मग एकदा तो कुशीवरून सरळ झाला. मग बदामाच्या पानावर अंग टेकून बसू लागला. तुळशीने मोरीमागच्या डबक्यातली डासाची एक अळी आणून टाकली, तेव्हा त्याने ती झडप घालून पकडली. त्याचे पर सुटे झाले, आणि आत निळा रंग होता! मोराच्या मानेचा निळा, कडेला लाल. इतके दिवस तो माझ्या पोटात असून मला पत्ता नव्हता.

तुळशीचा भाऊ आला त्या सकाळी पाण्यावर बारीक बुडबुड्यांचा पुंजका दिसला. मासा तोंडाने एकेक बुडबुडा सोडत होता आणि निगुतीने रचत होता. त्याची जात जागेत रमली की असे घर बांधते, हे दुकानदाराने जनूला सांगितले होते. सगळ्यांनी आळीपाळीने, लांबूनच पाहिले. रखमाबाईंनीही पाहिले. त्या म्हणाल्या, "पोरीच्या हाताला गुन हाय हो." सखूबाईने मान डोलावली, पण जुने काही काढले नाही.

भाऊ ट्रंक उचलायला वाकला, तर तुळशी म्हणाली, "ती र्‍हाऊ दे." तिने कापडी पिशवीत दोन लुगडी घातली. आईच्या लुगड्याचा तुकडा माझ्यावरच ठेवला. निघताना सासूला तीन-तीनदा बजावले, की रोज एकच अळी, भात नाही.

"नाय गं बाय," सखूबाई म्हणाली. "तू ये लवकर. मना त्या अल्या पकराला जमत नाय."

तुळशी ठरल्याआधीच परत आली. बापाने ओढलेल्या मिठाची पुरचुंडी तिच्या पिशवीत होती.

पाहुणा माझ्यात दोन उन्हाळे राहिला आणि म्हातारा होऊन गेला. तेव्हा कोणी पायगुण काढला नाही. तुळशीने त्याला परसात केळीच्या बुंध्याशी पुरले, मला धुऊन वाळवले आणि माझ्यात पुन्हा मीठ भरले. पुढे बारीक मिठाच्या पिशव्या आल्या, प्लॅस्टिकचे डबे आले. कौले जाऊन स्लॅब पडला. धुताना माझा टवका उडाला आणि मी माळ्यावर गेले. बरीच वर्षे मी जुन्या टीव्हीच्या शेजारी धूळ खात पडून होते. दोघांकडेही आता कोणी पाहत नव्हते. मला राग नाही, पण कधी कधी जनूच्या डब्यातली ती पाने आठवत.

अलीकडेच एकदा हात वर आला आणि त्याने मला खाली घेतले. तुळशीचा हात होता. जनूच्या धाकट्या भावाचे लग्न झाले होते आणि त्याची नवी नवरी कुमुदिनी लांबून, पार जळगावकडून आली होती. पडवीत बायकांची झुंबड होती. "नाव घे, नाव घे" चालले होते. तुळशीने नवरीला हाताला धरून आतल्या खोलीत आणले, पंखा लावला, खिडकीचा पडदा ओढला. ओल्या फडक्याने मला पुसले, जाडे मीठ भरले आणि तिच्या उशाशी ठेवले.

"कोनी येनार नाय आता," ती म्हणाली. "भूक लागली की हाक मार. नाय लागली तं नको मारू."

दार ओढून ती बाहेर गेली. दाराबाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सखूबाई आता फार थकली आहे, काठीशिवाय तिला चालवत नाही. पण तिचा आवाज मी कुठेही ओळखीन.

"काय गं बायांनो, कुठं घुसता? मंग या. पानी बसू दे."

मित्रांनो, तुमच्या घरी, तुमच्या वर्गात, तुमच्या गल्लीत कोणी नवे आले, मग ते माणूस असो, पाखरू असो की मासा, तर त्याला खाऊ जरूर द्या. पण आधी थोडी जागा द्या. त्याच्याकडे टक लावून पाहू नका. त्याचा रंग त्याचा तोच दिसेल, घाई करू नका. आणि माझ्यासारखी एखादी जुनी बरणी माळ्यावर असेल, तर तिला वर्षातून एकदा पुसत जा. ती कधी लागेल, सांगता येत नाही.

कुमुदिनी बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग ती उठून बसली. तिने मला उजेडात फिरवून पाहिले आणि माझ्या काचेतल्या बुडबुड्यावर बोट ठेवले. बाहेर भांड्यांचा आवाज येत होता. तिने दार किलकिले केले आणि हळूच हाक मारली, "वहिनी, थोडा भात आहे का?"